चालतंय, आबा

पेचकसाचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, त्याची लाकडी मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. आबांची ही मुद्रा ज्याने एकदा पाहिली तो विसरणार नाही. आजूबाजूला डाळ मिलचा सगळा कल्लोळ. चाळण्या आदळतायत, पट्टे फडफडतायत, हमाल एकमेकांना ओरडून हाका मारतायत, आणि हा माणूस गाभाऱ्यात उभा असल्यासारखा. कोणी काही विचारलं की डावा हात वर व्हायचा. "थांबा. त्याला बोलू द्या."

मशीन आपल्याशी बोलतं अशी त्यांची समजूत होती. ते मशीनशी बोलत, हे मात्र आम्ही रोज ऐकायचो. माझ्याशी, शेठशी ते जपून शहरी मराठी बोलत. मशीनशी मात्र घरच्या अहिराणीत. "काय व्हयनं रे तुले? काबर रडी राहिना?" काय झालं, का रडतोयस असं विचारत ते दाणे वर चढवणाऱ्या एलिव्हेटरच्या गिअरबॉक्सवर हात फिरवायचे. पोरं हसायची. एकाने तर विचारलं होतं, "आबा, घरी अक्कांशी पण इतक्या प्रेमानं बोलता का?" आबा म्हणाले, "तिला ग्रीस लागत नाही."

जळगावच्या त्या मिलमध्ये ते फिटर होते आणि मी देखभालीचा सुपरवायझर. माझ्याकडे डिप्लोमा, त्यांच्याकडे सगळा जन्म. वयाने मी त्यांच्या मुलासारखा, पण ते मला 'साहेब' म्हणत आणि मी ते म्हणू देत असे. तुमच्याही नोकरीत असा एखादा माणूस असेल. आपण त्याला आबा म्हणतो, तो आपल्याला साहेब म्हणतो, आणि दोघांनाही त्यात वावगं वाटत नाही.

पुढचं समजायला आमच्या मिलची एक पद्धत सांगायला हवी. एखादं मशीन दुरुस्त झालं की ते रिकामं चालवून ठेवत आणि मला बोलावत. मी यायचो, जरा वेळ बघायचो आणि म्हणायचो, "चालतंय." तेवढा एक शब्द. तो उच्चारल्याशिवाय हॉपरमध्ये तुरीचा दाणा पडत नसे. माझ्या तोंडून तो निघाला की आबा पेचकस खिशात टाकत, कपाळ पुसत आणि चहाला जात. मशीन त्यानंतर बिघडलं तर जबाबदारी माझी, असा त्याचा अर्थ होता.

आणि हाच शब्द आपण सगळे दिवसातून कितीदा आणि कशाकशाला वापरतो ते तुम्हाला माहीत आहे. चहात साखर कमी आहे, चालतंय. उशीर झाला, चालतंय. पाहुण्यांनी आणलेली साडी आवडली नाही, चालतंय. मीही तसाच वापरतो. फरक कुठे करायचा हे मला कोणी शिकवलं नव्हतं, आणि मी स्वतःहून शिकलो नाही.

निवृत्तीला थोडे दिवस राहिले होते तेव्हा आबांनी ते चाक करायला घेतलं. जेवणाच्या सुट्टीत भंगाराच्या ढिगात बसून काहीतरी कापत, घासत असायचे. सायकलची रिंग. तिच्यात आऱ्यांच्या जागी पाइपाचे तिरके तुकडे, दोन्ही तोंडं बुजवलेली, आणि प्रत्येक तुकड्यात जुन्या बेअरिंगमधली एक पोलादी गोळी. चाक फिरलं की एका बाजूच्या गोळ्या घरंगळून कडेला जायच्या आणि दुसऱ्या बाजूच्या आसाजवळ यायच्या.

"कडेची गोळी जड पडते, आसाजवळची हलकी," आबा समजावून सांगत. "म्हणजे ही बाजू कायम खाली जाणार. मग ते थांबेल कशाला?"

ते कशाला थांबेल हे मला माहीत होतं. कडेच्या बाजूला गोळ्या थोड्या राहतात, आसाच्या बाजूला जास्त. दोन्ही बाजू सारख्याच होतात. चांगल्या बेअरिंगवर चाक बराच वेळ फिरेल, इतकंच. आबांचं बेअरिंग तर फारच चांगलं होतं. हे मी एकदा सांगायला सुरुवात केली होती. त्यांनी डावा हात वर केला.

"साहेब, सगळा जन्म थांबलेलं चालू करण्यात गेला. मशीन थांबलं की शेठ मला शोधणार, मुकादम मला शिव्या देणार. घरी ताटावर बसलो की निरोप यायचा. एक तरी असं करून जावं, की ज्याला माझी गरज नाही."

मी गप्प बसलो. गप्प बसणं मला नेहमीच सोपं गेलंय.

खंडेनवमीला मिल बंद असते. मशीन धुऊन, पुसून, झेंडूचे हार घालून त्यांची पूजा होते. एरवी ज्या जागेत स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, तिथे त्या दिवशी हाराची फुलं गळालेली ऐकू येतात. बंद मिलमध्ये कधी उभे राहिला असाल तर तुम्हाला माहीत असेल, ती शांतता कानाला टोचते.

त्या शांततेत आबांनी आपलं चाक टेबलावर आणून ठेवलं. त्यालाही हळदकुंकू लावलं, हार घातला, मग फिरताना अडकेल म्हणून हार काढला. सगळे भोवती जमले. शेठसुद्धा आले. आबांनी रिंगेला एक धक्का दिला आणि हात मागे बांधून उभे राहिले. टक्, टक्, टक्. गोळ्या पाइपांतून पडत राहिल्या, चाक फिरत राहिलं. कोणाचा प्रसाद हातातच राहिला. इतकी माणसं एवढा वेळ गप्प उभी राहिलेली मी त्या मिलमध्ये कधी पाहिली नव्हती.

मला धुळ्याची गाडी पकडायची होती. सासुरवाडी धुळ्याची, दसरा तिकडे. बायको मुलाला घेऊन फाटकाशी उभी होती आणि दोनदा हात करून झाला होता. माझ्या तोंडात पेढा होता. आबांनी माझ्याकडे वळून विचारलं, "साहेब, चालतंय ना?"

"चालतंय, आबा, चालतंय," मी म्हणालो आणि निघालो.

मला म्हणायचं होतं, छान आहे, असू द्या, हरकत नाही. डोळ्यांसमोर चाक फिरत होतंच, म्हणून 'फिरतंय' या अर्थानेही ते खरं होतं. पण आबांनी तो शब्द ज्या अर्थाने घेतला, त्या अर्थाने तो मिलमध्ये फक्त मीच म्हणायचो.

दसऱ्यानंतर कामावर आलो तेव्हा समजलं की मी गेल्यावर आबांनीच चाकावर तळहात ठेवून ते थांबवलं. "आज खंडेनवमी. यंत्राला विसावा," असं म्हणाले. त्यांच्या हिशेबी ते बरोबरच होतं. पूजेच्या दिवशी यंत्र राबवू नये. पण त्यामुळे झालं असं, की ते चाक आपोआप थांबलेलं कोणीच पाहिलं नाही. सगळ्यांनी पाहिलं ते एवढंच, की आबांनी थांबवलं म्हणून ते थांबलं. आणि साहेबांनी पास केलंय.

तेव्हाच सांगायला हवं होतं. वर्कशॉपच्या दारात आबा भेटले, त्यांचा चेहरा इतका उजळलेला होता की मी फक्त म्हणालो, "काय आबा, दसरा कसा झाला?"

पुढे आबा निवृत्त झाले आणि मला धुळ्याच्या एका तेल मिलमध्ये जागा मिळाली. सासरे थकले होते, बायकोला माहेर जवळ हवं होतं, ही कारणं खरी होती. जळगाव सुटल्याचं हलकं वाटलं, हेही खरं होतं.

आबांचं घर मेहरूणला. पुढची खोली, मागची खोली, मोरी. चाक पुढच्या खोलीत दाराजवळ एका स्टँडवर बसवलं होतं. रविवारी तलावाकडे फिरायला आलेले लोक वाकून बघायचे. गल्लीच्या तोंडाशी गाडी लावणारा भेळवाला तर गिऱ्हाइकांना पाठवूनच द्यायचा.

"आबा, याला माझा फ्रीज जोडा की," तो म्हणायचा.

"याला काम सांगायचं नाही. हे फक्त फिरणार."

"मग हे आमच्या जावयासारखंच झालं!"

आबाही हसायचे. हे मी एका व्हिडिओत पाहिलं. कोणीतरी मोबाइलवर काढला होता आणि तो फिरत फिरत आमच्या घरच्या ग्रुपवर आला. चाक फिरतंय, आबा हात मागे बांधून उभे आहेत आणि मागून एक आवाज सांगतोय, "मिलच्या इंजिनिअर साहेबांनी पास केलेलं आहे, मित्रांनो." माझ्या मेव्हण्याने खाली हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं. बायको म्हणाली, "अहो, हे तुमचे आबा ना? आणि हे साहेब कोण?" मी म्हणालो, "असेल कोणीतरी."

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? एका म्हाताऱ्याचा छंद. मीही तसंच म्हणत होतो. एकदा कामानिमित्त जळगावला गेलो आणि त्यांच्या घरी पाय वळले, तोपर्यंत.

आबांना फार आनंद झाला. बसा म्हणाले, अक्कांना चहा टाकायला सांगितला. चाक फिरत होतं. आम्ही मिलच्या गोष्टी काढल्या. बोलता बोलता आबांचा उजवा हात वर गेला, तर्जनी रिंगेला लागली, चाकाने जरा वेग धरला आणि हात परत मांडीवर आला. बोलण्यात खंड नाही. थोड्या वेळाने पुन्हा तसंच. माणूस बोलताना मिशीवरून हात फिरवतो ना, तितक्या सहज.

मी त्या बोटाकडे बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं.

"हा धक्का नाही, साहेब," ते म्हणाले. "आठवण देतो त्याला."

"आठवण?"

"विसरतं मधूनच. दारातून वारा येतो, रस्त्याने ट्रक जातो, गोळी जागेवर बसत नाही. एकदा नीट बसलं की आठवण द्यावी लागणार नाही."

चहा घेऊन अक्का आल्या. त्यांनी कपबशी माझ्या हातात दिली आणि आबांकडे न बघता म्हणाल्या, "चाक फिरी राहिनं, माणूस बशी राहिना." चाक फिरतंय आणि माणूस बसून राहिलाय.

निघताना त्या गल्लीच्या तोंडापर्यंत सोबत आल्या. मुलगी चाळीसगावला दिलेली, तिला दिवस गेले होते आणि डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं होतं. अक्कांना जायचं होतं. दोघांनी जाऊन तिथेच राहावं असं जावयाचंही म्हणणं होतं. आबा इथून हलत नव्हते. भावाच्या दहाव्यालाही गेले नव्हते. बाजारात जात नव्हते. मोरीत गेले तरी तिथून ओरडून विचारायचे, "चालू शे का?"

"मी सांगितलं तर ऐकत नाहीत," अक्का म्हणाल्या. "म्हणतात, साहेबांनी पास केलं, तुले काय कळस? तुमीच सांगा भाऊ. तुमीच म्हणाले व्हते ना. तुमनं ऐकतीन ते."

त्या मला साहेब म्हणाल्या नाहीत, भाऊ म्हणाल्या.

मी परत फिरलो. दारात उभा राहिलो. अंगातलं सगळं बळ एकवटून म्हणालो, "आबा, हे चालणार नाही."

आबांनी माझ्याकडे पाहिलं, मग चाकाकडे, मग दाराकडे. डोळे बारीक करून विचार केला आणि मान हलवली. "बरोबर आहे, साहेब. मलाही तेच वाटत होतं. इथे नाही चालणार. दारातून झळ येते, रस्ता हादरतो. मागच्या खोलीत घेतो."

"तसं नाही, आबा..."

"मागे खिडकी नाही. वारा नाही. तिथे चालेल." आणि माझा हात हातात घेतला. "बरं झालं आलात. तुमच्याशिवाय कोण सांगणार होतं?"

मी तसाच बसस्टँडकडे निघालो. अक्का गल्लीच्या तोंडाशी उभ्या होत्या. मी त्यांना सांगितलं, "बोललो मी." हेही खोटं नव्हतं.

अक्का एकट्याच चाळीसगावला गेल्या. मुलगा झाला. बारशाला आबा गेले नाहीत. मुलीने फोनवर रडून झालं, जावयाने रागावून झालं. मग एक दिवस आबांचाच मला फोन आला. आवाज दबका, मिलमध्ये रजा मागायला यायचे तसा.

"साहेब, एक रविवार मिळेल का तुमचा? नातवाचं तोंड बघून येतो. सकाळी जाऊन संध्याकाळी परत. तुम्ही बसाल का इथे? दुसऱ्या कोणावर सोडवत नाही."

मी हो म्हणालो. त्या दिवशी मी ठरवून गेलो होतो, हे इथे लिहून ठेवतो. आबा गेले की बोट लावायचं नाही. चाक थांबू द्यायचं. संध्याकाळी ते येतील, थांबलेलं चाक बघतील, मला काही बोलावंच लागणार नाही. भित्र्या माणसाला सुचलेला हा सगळ्यात धाडसी बेत होता.

आबांनी पांढरा सदरा घातला होता. दाढी केलेली. नातवासाठी खुळखुळा घेतला होता, तो खिशात वाजत होता. जाताना त्यांनी मला काहीही बजावलं नाही. आठवण द्या म्हणाले नाहीत, देऊ नका म्हणाले नाहीत. दारात थांबून एकदा मागच्या खोलीकडे पाहिलं आणि गेले.

मागची खोली म्हणजे एक खोका होता. एक दिवा, एक स्टूल, चाक. भिंतीला एका जागी तेलकट चमक आली होती, आबांचं डोकं टेकायचं तिथे. मी स्टुलावर बसलो.

चाक मंदावत गेलं. टक् आणि टक् यांच्यातलं अंतर वाढत गेलं. मग एक वेळ अशी आली की वरच्या पाइपातली गोळी निम्म्यावर येऊन अडखळली. चाक थबकलं. आणि थोडं मागे आलं. हे मागे येणं मी विचारात घेतलं नव्हतं. पुढे जावं की नाही ते समजत नसल्यासारखं ते झुलायला लागलं. सरकारी दवाखान्यात वडिलांच्या उशाशी बसलो होतो तेव्हा शेवटी त्यांचा श्वास असाच झुलत होता, ते आठवलं. माझं बोट रिंगेला कधी लागलं ते मला कळलं नाही.

एकदा लावल्यावर पुन्हा न लावण्याला अर्थ उरला नाही. दिवसभर मी ते करत राहिलो. दुपारी पहूरहून एक कुटुंब चाक बघायला आलं. नवरा, बायको, म्हातारी आई. नवऱ्याने विचारलं, "आपोआप ना हे?" मी म्हणालो, "हो." म्हातारीने चाकाला नमस्कार केला. ते जाईपर्यंत चाक मंदावू नये म्हणून मी त्यांना पाणी विचारायच्या निमित्ताने मध्ये उभा राहिलो आणि पाठीमागे हात नेऊन रिंगेला बोट लावलं.

मग वीज गेली. खिडकी नसलेल्या खोलीत भरदुपारी डोळ्यात बोट घातलं तरी दिसेना. गोळ्यांच्या आवाजावरून अंदाज घेत मी बसून होतो. घामाने सदरा पाठीला चिकटला होता. उठून पुढच्या खोलीत जाता आलं असतं. दार उघडंच होतं. गेलो नाही. आवाज जरा लांबला की माझा हात उठायचा. मला वाटलं, आबांवरच्या मायेपोटी मी हे करतोय. आता वाटतं, तसं काही नव्हतं. ते थांबलं तर माझ्या ताब्यात असताना थांबलं असं होऊ नये, एवढंच होतं. मिलमध्येही मला तीच भीती असायची.

दिवे आले, दुपार कलली. खुळखुळ्याचा आवाज नव्हता, पण पावलं मी ओळखली. ती उंबऱ्याबाहेरच थांबली. मी मागच्या खोलीच्या दारातून पाहिलं. आबा बाहेर पायरीवर उभे होते, मान कलती करून, डोळे मिटून ऐकत होते. आत चाक वाजत होतं. त्यांचे खांदे हळूहळू खाली आले. प्रवासाने दमले असतील असं मला वाटलं.

आत येऊन त्यांनी माठातलं पाणी घेतलं, पण प्यायले नाहीत.

"थांबलं नाही?"

"नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही."

"आठवण दिली का, साहेब?"

आजवर मी आबांशी जे काही बोललो होतो, त्यात पळवाट होती. त्या शब्दाचे दोन अर्थ होते, त्या वाक्याचे दोन अर्थ होते. या प्रश्नाच्या उत्तराला एकच अर्थ असणार होता. आबा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"नाही दिली," मी म्हणालो.

ते खाटेवर बसले. पेला खाली ठेवला. म्हणाले, "म्हणजे आता याला सोडून कसं जाणार?"

मला ते आनंदाने म्हणाले असं वाटलं. खरंच वाटलं. मी नातवाचं विचारलं. "गोरा आहे," म्हणाले. "बोट धरलं की सोडत नाही." मग उठून मागच्या खोलीत गेले आणि स्टुलावर बसले.

त्यानंतर त्यांचे फोन यायचे. "साहेब, तुम्ही बसला होतात तेव्हा दिवसभर चाललं. माझ्यापुढे का चालत नाही? आता मी बोट लावतच नाही. लगेच थांबतं." कधी म्हणायचे, "माझ्या अंगात उष्णता आहे का? बाहेर बसून पाहिलं. तरी थांबलं." एकदा म्हणाले, "दोष माझ्यातच आहे. चाक चांगलं आहे, ते तुम्ही पाहिलंय."

प्रत्येक फोन म्हणजे खरं सांगायची एक संधी होती. मी म्हणायचो, "बेअरिंग बघा, आबा."

ते बेअरिंग उघडायचे, धुवायचे, बसवायचे. पुन्हा उघडायचे. अक्का दोनदा येऊन त्यांना न्यायचा प्रयत्न करून गेल्या. तान्हं पोर आणि अशक्त मुलगी मागे टाकून त्यांना राहता येत नव्हतं. अक्का नसल्यामुळे भेळवालाच त्यांना दूध आणून द्यायचा. थंडीत एका सकाळी तो गेला तेव्हा आबा स्टुलावरच होते, डोकं भिंतीला टेकलेलं, मांडीवर रॉकेलने ओलं फडकं. जावयाने मला फोन करून सांगितलं. माझा नंबर आबांच्या मोबाइलमध्ये सगळ्यात वर होता म्हणे.

खोली रिकामी करायला अक्का आल्या त्या दिवशी मी मेहरूणला गेलो. बायकोला सांगितलं, तेल मिलचं काम आहे. चाक अंगणात उभं करून ठेवलं होतं, पाइप उपसलेले. गल्लीतल्या पोरांनी गोळ्या वाटून घेतल्या होत्या. अक्का भांडी चादरीत बांधत होत्या. मी उंबऱ्यावर बसलो आणि सगळं सांगितलं. खंडेनवमीपासून. पेढ्यापासून. आणि त्या रविवारी बोट मी लावत होतो, हेही. मध्ये कुठे थांबलो नाही, नाहीतर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

अक्कांनी चादरीची गाठ मारली. ती सैल वाटली म्हणून सोडली आणि पुन्हा मारली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"त्या दिवशी चाळीसगावहून निघताना मले काय सांगी गयात, माहीत शे का तुमले?" त्या म्हणाल्या. "चाक बंद सापडनं ते सकायनी गाडीले परत येस. कायमना."

चाक थांबलेलं सापडलं तर सकाळच्या गाडीने येतो, कायमचा. ते थांबलेलं सापडावं म्हणूनच ते गेले होते. मला बसवून गेले, कारण थांबलं असं मी सांगितलं असतं तर तो शेवटचा शब्द ठरला असता.

त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीसगावला अक्का कोणाला न सांगता स्टेशनवर गेल्या होत्या. मुलीला म्हणाल्या, पोराला गाडी दाखवून आणते. जळगावकडून गाडी आली. उतरणारे उतरले, पूल चढून गेले, फलाट रिकामा झाला. मागच्या डब्यात असतील, म्हातारा माणूस, उतरायला वेळ लागतो, म्हणून त्या पोराला कडेवर घेऊन मागच्या टोकापर्यंत चालत गेल्या. गाडी हलली. झोपले असतील, डोळा लागला असेल, खिडकीतून दिसले तर हाक मारता येईल, म्हणून प्रत्येक खिडकीकडे बघत त्यांनी नातवाचा हात वर धरला आणि तो हलवत राहिल्या, शेवटचा डबा जाईपर्यंत.

त्यानंतरही त्या रोज जायच्या.

"आते त्याले सवय लागी गयी," त्या म्हणाल्या. कुठलीही गाडी दिसो, मालगाडी असो, थांबणारी असो वा न थांबणारी, ते पोर आपणहून हात वर करतं आणि ती दिसेनाशी होईपर्यंत हलवत राहतं.